गवा जास्त धोक्यात की वायतुरा?

कोयनाकाठ:
आमच्या पाटण तालुक्यात गवा रोजचाच झालाय, रात्री कळप भातात उतरतो न् सकाळी खाचरात नुसता चिखल. तरी रेड लिस्टमधे (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींची जागतिक यादी) तो 'व्हल्नरेबल', आणि कासला पावसाळ्यात डबक्याडबक्यात दिसणारी वायतुरा ही पाणवनस्पती 'एन्डेंजर्ड', म्हणजे गव्यापेक्षा एक पायरी वाईट. हे कसं काय? पोरीला शाळेच्या प्रदर्शनासाठी तक्ता करायचाय.

सडाभटक्या:
दोघांचं मापच वेगळंय दादा. गव्याचा हिशोब भारतापासून व्हिएतनाम-मलेशियापर्यंत सगळा धरून केलाय, तिकडं शिकारीनं न् जंगलतोडीनं तीन पिढ्यांत संख्या ३० टक्क्यांच्या वर घसरली, श्रीलंकेतनं तर तो पार संपला. आपल्या घाटात टिकलाय म्हणून तुमच्या भातात येतोय. वायतुऱ्यासारख्या झाडांचं बहुतेक जागेवरनं ठरतं, पसारा ५००० चौरस किलोमीटरच्या आत, तोही तुकड्यातुकड्यात आणि घटत चाललेला असला की एन्डेंजर्ड. हा फक्त सह्याद्रीच्या सड्यांवरच (कातळाच्या पठारांवर) उगवतो, १९८२ ला कुठं त्याची शास्त्रात नोंद झाली. पावसात घोटाभर पाण्यातनं तो जांभळट दुफाटा तुरा वर येतो तेव्हा सगळे फोटो काढतात, पण उन्हाळ्यात वर काहीच नसतं, कंद कातळावरच्या मूठभर मातीत पडून असतो, लोकांना वाटतं मोकळा सडाय, घाला जेसीबी!! मला खरी भीती त्याचीच वाटते.

ऊसवाला_शिराळा:
पटलं, पण गव्याला हलकं घेऊ नका. १९६८ ला बंदीपूर-मुदुमलाईकडं बुळकांडी या गुरांच्या रोगानं गवे पटापट मेले. ती साथ २०११ ला जगातनं गेली, लाळ्या-खुरकूत मात्र आहेच, आणि चांदोलीच्या जंगलाच्या कडेला आमची गुरं न् गवे एकाच ओढ्यावर पाणी पितात. गुरांची लस अजिबात चुकवू नका. आणि भाताचा पंचनामा वनखात्याकडनं लगेच करून घ्या, उशीर झाला की अवघड जातं.

कोयनाकाठ:
पंचनाम्याचं उद्याच बघतो. मग तक्त्यात 'कुठं कुठं सापडतो' असा रकाना वाढवू ना?

सडाभटक्या:
वाढवा, आणि एक कायद्याचा पण. गवा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात परिशिष्ट १ मधे, त्याला मारलं तर जेल. झाडांसाठी १९९१ ला वेगळं परिशिष्ट जोडलं त्यात २०२२ च्या दुरुस्तीआधी अख्ख्या देशातल्या सहाच नोंदी होत्या, वायतुरा नव्हता त्यात. तुमच्या गावच्या सड्यावर दिसला तर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत तेवढा लिहून घ्यायला लावा, पोरीलाच घेऊन जा सोबत.