कोरोनेशन स्ट्रीट परत गायब??

टोरंटोकर: काय वैताग आहे राव, आइस हॉकीचे प्लेऑफ (बाद फेऱ्या) सुरू झाले की इथल्या चॅनेलवर पहिली उचलबांगडी ह्या ब्रिटिश मालिकेचीच, आई साडेसातला चहा घेऊन सोफ्यावर आणि समोर बर्फावर पोरं घसरतायत. नवी वेळ कुणाला माहितीये का?

कांदेपोहे: बाहेरची मालिका ना, सावत्र पोर. १९६० पासून चालूये, पहिल्या भागापासून केन बार्लोचं काम करणारा विल्यम रोच अजून थकला नाही, आपले चॅनेलवालेच थकले.

मिसिसागाची माई: माझी बहीण मँचेस्टरला, ती पुढचे भाग बघून फोनवर सगळं फोडते, म्हणून सध्या फोनच घेत नाहीये 😄 ऑनलाइन बघ की.

टोरंटोकर: अहो माई, आईला रिमोटचं एकच बटण येतं!