पुराचं पाणी घरात, मग सरकारी मदत: शहरात राहणाऱ्यांनो, तुमचा अनुभव सांगा

परवा मावसभावाच्या घरात कमरेइतकं पाणी शिरलं. फोनवर त्याचा पहिलाच प्रश्न, "ताई, मदत मिळते म्हणतात, करायचं काय नक्की?" मी स्वतः यातून गेलेय, तरी मला धड सांगता येईना. शेतीच्या पंचनाम्याबद्दल माहिती मिळते, शहरातल्या बिऱ्हाडाचं काय होतं ते कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. सुरुवात मीच करते.

आम्ही सांगलीचे. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. तळमजला अनेक दिवस पाण्यात होता. त्या वर्षी शहरी कुटुंबाला १५,००० आणि ग्रामीणला १०,००० रुपये जाहीर झाले. त्यातले ५,००० हातात रोख, बाकीचे खात्यात.

रेशनकार्ड लोखंडी कपाटात होतं. कपाट गंजून बसलेलं, पहारीने उघडलं. कार्डाची पानं एकमेकांना चिकटलेली. दिरांनी ती चहाच्या पातेल्याच्या वाफेवर धरून एकेक सोडवली, लहानपणी पाकिटावरची तिकिटं सोडवायचो ना, तशी. शाई उतरली होती, पण नावं वाचता येत होती. आणि तिथेच घोळ झाला. घरात आम्ही खाली, दीर-जाऊ वर, चुली दोन, कार्ड मात्र सासऱ्यांच्या नावाचं एकच. मदत 'कुटुंबा'ला, म्हणजे आमच्या घरात एकदाच आली. जाऊबाईंनी दिवाळीआधी कार्ड वेगळं करून घेतलं. मी तेव्हा मनातून जरा चिडले होते, आता वाटतं शहाणपणा केला.

---

कोल्हापूर, शाहूपुरी. जुलै २०२१. मी भाडेकरू.
पंचनाम्याला माणसं आली तेव्हा घरमालक दारात उभे. "हे आमचं घर, नाव आमचंच लागणार." माझं नाव सरकारी कागदावर चढलं की उद्या मी जागेवर हक्क सांगणार, अशी धास्ती त्यांना. माणूस वाईट नव्हे, पुरात त्यांनीच आम्हाला वरच्या खोलीत ठेवून घेतलेलं. आलेल्या बाईंनी शांतपणे समजावलं : भिंत पडली तर ती मदत मालकाची, कपडे-भांडी गेली ती जो राहतो त्याची. दोन वेगवेगळे रकाने आहेत. मग कुठं काका बाजूला झाले.
माझं रेशनकार्ड गावाकडचं. आधारवरचा पत्ताही गावचाच. शेवटी भाडेकरार आणि शेजारच्या दोघांच्या सह्या यावर काम निभावलं. करार ११ महिन्यांचा असतो म्हणून लोक नूतनीकरण करायचा कंटाळा करतात. करू नका एवढंच सांगतो.

---

चिपळूण, बाजारपेठ. २२ जुलै २०२१ ही तारीख आम्हाला कुणी विसरू देणार नाही.
स्टेशनरीचं दुकान. वह्या पाण्यात फुगल्या की काय होतं ठाऊक आहे? रॅकच फोडतात. शाळा सुरू होतील या आशेने माल भरून ठेवला होता, त्याचा लगदा झाला. दुकानदारांना मदत ठरली नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५०,०००. टपरीवाल्यांना १०,०००. माझ्या नुकसानीपुढे ते ५०,००० म्हणजे चिखल काढायची मजुरी. पण नाकारतो कशाला?
खरी अडचण वेगळीच. दुकान माझं हे सिद्ध करणारे सगळे कागद दुकानातच होते! परवाना, स्टॉकचं रजिस्टर, बिलं, सगळं वाहून गेलं. तारणहार ठरला आमचा कर सल्लागार, त्याच्याकडे विवरणपत्रं होती. आणि एक, पंचनाम्याची प्रत मागून घ्या. विम्यासाठीही मला तीच उपयोगी पडली.

---

मी पलीकडच्या बाजूची. प्राथमिक शिक्षिका, एका पुरात पंचनाम्याच्या ड्यूटीवर होते. शहराचं नाव सांगत नाही.
लोक म्हणतात, उशिरा येतात. खरं आहे. पण आम्ही तिघं आणि यादी पाच गल्ल्यांची. पोचेपर्यंत बायकांनी घर लख्ख धुतलेलं असायचं. धुणारच ना, चिखलात पोरं झोपवायची का? पण मग पाणी किती चढलं याचा पुरावा काय? मी कपाट किंवा फ्रिज सरकवायला सांगायचे. मागच्या भिंतीवर मातकट रेघ हमखास सापडते, तिथे कुणी पुसत नाही. तुम्ही मात्र फावडं हातात घेण्याआधी फोटो काढा, भिंतीवरची रेघ आणि घर क्रमांक दोन्ही येतील असे.
आणि बँकेचं. २०२१ मध्ये बऱ्याच बँकांचं विलीनीकरण होऊन आयएफएससी कोड बदलले होते. जुन्या पासबुकावरून नंबर उतरवला की पैसे परत. एका आजींचे तर नावामुळे अडकले. आधारवर 'सुमन', पासबुकावर 'सुमनबाई'. तेवढ्या 'बाई'साठी त्या तीनदा आल्या, दर वेळी रिक्षाने.

---

नागपूर, २३ सप्टेंबर २०२३. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला न् नाग नदी घरात आली. पहाटे आलं, दुपारपर्यंत गेलं बी. २०१९ ला मोफत धान्यासाठी दोन दिवस पाण्यात असायची अट होती, त्यावरून केवढी बोंब झाली होती ते आठवलं. म्हटलं, आपलं तर काही तासांचं पाणी, आता कोण विचारते? पण घरांना १०,००० जाहीर झाले न् मिळाले. फक्त पहिल्या यादीत आमची लाईन सुटली होती. पाच घरांनी मिळून एकच अर्ज दिला, पोच घेतली. एकेकटे जाऊ नका, बस.

---

मूळ धागाकर्ती पुन्हा :
भावाला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाला, "फोटो काढलेच नाहीत गं, वहिनीने परवाच फिनेलने सगळं पुसून काढलं." आज सकाळी पंचनामा झाला. धुलाई मशीन पुढे ओढलं. भिंतीवर रेघ होती, आणि खाली आठ दिवस शोधत होते तो गॅसचा लायटर.