बिलं काढायला एवढा पळणारा प्रोसेसर कशाला पायजे बे?

टॉवेलवाला, पूर्व भाग:
परवा भाचीला कॉलेजसाठी लॅपटॉप बघायला गेलतो, दुकानदार इंटेलच्या आय फाईव्ह प्रोसेसरच्या खाली बोलायलाच तयार नाही, वर म्हणतो आय सेव्हनच घ्या, पाच वर्षं बघायला नको. पोरगी करणार काय तर वर्ड, पीपीटी, यूट्यूब आणि फॉर्म भरणं. आमच्या कारखान्यात 2015 चा आय थ्री आहे, त्यावर बिलं, टॅली, जीएसटी सगळं चालतंय. मध्ये लई रखडायला लागलता, चालू करून चहा पिऊन यावं तरी गोल फिरतंच असायचं, सगळे म्हणले फेका आता. मी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी, म्हणजे जास्त पळणारी डिस्क टाकली आणि 4 जीबी रॅमची 8 केली, बास. आता अर्ध्या मिनिटात उठतंय. प्रोसेसर तोच. मग दोष कुणाचा होता?

रेंडर चालूय:
तुमची बिलं म्हणजे सगळं जग नाही ना दादा. मी लग्नाचे शूट एडिट करतो, 4के फुटेज टाकलं की जुन्या मशीनचा पंखा गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यासारखा ओरडतो.

टॉवेलवाला, पूर्व भाग:
तुझा धंदाच तो, तुला पायजेच. मी बोलतोय साध्या माणसाचं.

रेंडर चालूय:
साधा माणूस तरी साधा कुठं राहिला? फोनच 4के शूट करतो, घरात प्रत्येकाला रील कापायचीय. ऑनलाइन लेक्चर, वीस टॅब आणि व्हिडिओ कॉल एकदम चालू असतात. यूट्यूबवर बरेच व्हिडिओ आता एव्ही1 नावाच्या नव्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये येतात, ते उलगडायची सोय इंटेलच्या चिपमध्ये 11व्या जनरेशनपासून (म्हणजे पिढीपासून) आली, त्याआधीच्या चिपमध्ये ते सगळं ओझं प्रोसेसरच्याच डोक्यावर. एसएसडी टाकून हे सुटत नाही.

पेस्ट आणि ब्लोअर:
मी रिपेअर करतो म्हणून सांगतो, निम्म्या मशीनचा आजार वेगळाच असतो. पूर्व भागातला लॅपटॉप उघडला की पंख्यात रुई, अक्षरशः उशी भरावी एवढी, यंत्रमागांची धूळ अन काय. त्यात आपल्याकडं सोलापुरात मे महिन्यात 42-43 डिग्री. प्रोसेसर शंभरीजवळ तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं मशीन म्हातारं झालं. रुई काढायची, प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणारी पेस्ट नवी लावायची, पळतंय. आणि गिगाहर्ट्झवर, म्हणजे वेगाच्या आकड्यावर जाऊ नका, इंटेलचा जुना पेंटियम 4 तर 2004 लाच 3.8 गिगाहर्ट्झला पोचलता, 4 गिगाहर्ट्झचा आणायचा बेत रद्द करावा लागला, उष्णता आवरेना. पुढची बहुतेक वाढ कोरमध्ये (एकाच चिपमधले काम करणारे भाग) आणि आतल्या रचनेत झाली.

अकाउंटवाली ताई:
सगळं खरं, पण त्या 2015 च्या आय थ्रीला विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. इंटेलचा साधारण 8व्या जनरेशनपासून पुढचा लागतो, शिवाय टीपीएम 2.0, म्हणजे मशीनमधली सुरक्षेची सोय. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. ज्या मशीनवर बँकेचं लॉगिन आणि जीएसटी, तिथं सुरक्षेचे अपडेट बंद ठेवून बसणार का दादा तुम्ही?

टॉवेलवाला, पूर्व भाग:
ताई ही तर जबरदस्ती झाली. बैल चांगला नांगर ओढतोय आणि मालक म्हणतो याचं वय झालं, गोठ्यात घेणार नाही. यात वेगाचा काय संबंध? उद्या कुणीतरी विंडोज काढून लिनक्स टाका म्हणेल, पण त्यावर टॅलीचं काय करू?

अकाउंटवाली ताई:
संबंध नसेल, पण चोरी झाली तर पैसे तुमचेच जाणार. तुमचा बैल मला पटला, पण त्याच्या गळ्यात बँकेची किल्ली बांधू नका एवढंच.

पेस्ट आणि ब्लोअर:
भाचीचं म्हणाल तर आय सेव्हन ऐकून भुलू नका, कितव्या जनरेशनचा ते विचारा. 7व्या जनरेशनच्या लॅपटॉपांत आय सेव्हन 7500यू दोनच कोरचा होता आणि 12व्यातला आय थ्री 1215यू सहा कोरचा आहे. शिल्लक पैशात 16 जीबी रॅम घ्या. ती बोर्डावर सोल्डर केलेली असेल तर नंतर वाढवता येत नाही, हे आधी विचारायचं, दुकानदार आपणहून सांगत नाही.

टॉवेलवाला, पूर्व भाग:
रुईचं पटलं बे. रविवारी कारखान्याचं मशीन घेऊन येतो, आणि तो नवा आय थ्रीच बघतो.

रेंडर चालूय:
घ्या आय थ्री. दोन वर्षांनी भाची रील एडिट करायला लागली आणि हँग झालं म्हणून रडली, तर माझ्याकडं पाठवू नका म्हणजे झालं.