पुढे मामा उभे आहेत! समोरच्याला डिपर मारावा की नाही?

भटक्या

गेल्या रविवारी जुन्नरहून माळशेजमार्गे कल्याणला निघालो होतो. ओतूर सोडलं, रस्ता मोकळा, काटा ८५-९० वर. समोरून भाजीचा टेम्पो आला. त्याने हेडलाइट लुकलुकवून दोनदा डिपर दिला आणि खिडकीतून हात काढून तळवा खालीवर केला, हळू घे म्हणून. पाय आपोआप ब्रेकवर गेला. दीडेक किलोमीटरवर वडाखाली पोलिसांची वेग टिपणारी पांढरी इंटरसेप्टर गाडी आणि तिच्या आडोशाला स्पीड गन घेऊन दोघे मामा. मी साठच्या वेगाने, अगदी सभ्य चेहरा करून पुढे. पावती वाचली.

जरा पुढे समोरून एक काळी एसयूव्ही सुसाट येताना दिसली. माझा हात दांडीवर गेला तेवढ्यात बायको म्हणाली, "तो कोण आहे, कशाला पळतोय, माहीत तरी आहे का?" नाही दिला डिपर. पण त्या टेम्पोवाल्याचं देणं अंगावर राहिलंय असं घरी येईपर्यंत वाटत होतं.

माझं मत विचाराल तर द्यावा. गाड्या हळू जाव्यात एवढाच पोलिसांचा हेतू असेल तर टेम्पोवाल्याने त्यांचं काम फुकटात करून दिलं. पावत्या फाडणं हा हेतू असेल तरच त्याने नुकसान केलं. तुम्ही काय करता?

सातारी तर्री

+१. मी तर बिनदिक्कत देतो. गन लावतात कुठे ते बघा: उतार संपतो तिथे, जिथे गाडी आपसूक पळते. वेगमर्यादेची पाटी बाभळीच्या फांदीआड. शाळेसमोर, बाजाराच्या फाट्यावर, जिथे खरंच माणसं मरतात तिथे कधी गन बघितलीत? जरब बसवायची असेल तर निळा दिवा लावून रस्त्यावर दिसेल असे उभे राहा की. वडामागे शिकारी बसतात.

निशिगंधा

दोघांशीही असहमत. भटक्या, टेम्पोवाल्याने तुमचा वेग दोन किलोमीटरपुरता कमी केला. वड मागे पडल्यावर काटा कितीवर होता? खरं सांगा.

९० ने जाणारी गाडी एका सेकंदात २५ मीटर जाते. काहीतरी आडवं आलंय हे कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर ३७ मीटर तसेच गेले, ब्रेक लागायचाच आहे. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली आणि केंद्र सरकारच्याच अहवालात त्यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खाती आहेत. त्या एसयूव्हीवाल्याला २००० ची पावती मिळाली असती तर पुढचे चार रविवार तरी त्याने सांभाळून चालवली असती. डिपरने त्याला एवढंच कळतं की मामा नसतील तिथे पळवायला हरकत नाही.

भटक्या

खरं सांगतो. परत ८५.

सातारी तर्री

त्या ७१ टक्क्यांवर फार विसंबू नका, ताई. अपघाताचा फॉर्म भरताना रस्त्यातला खड्डा, चुकीचं वळण, न लागलेला दिवा यातलं काही लिहायचं म्हणजे रस्ता बांधणाऱ्याच्या मागे लागणं आलं. 'अतिवेग' लिहिलं की विषय मिटतो. वेगाने माणसं मरत नाहीत असं म्हणत नाही मी. पण तो आकडा कसा तयार होतो तेही बघा.

काळा कोट

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ प्रमाणे कारला अतिवेगासाठी १००० ते २००० रुपये दंड. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे भटक्यांच्या त्या दुपदरी रस्त्यावर कारला जास्तीत जास्त ७०, म्हणजे ते गुन्हेगार होतेच. डिपर मारला म्हणून आपल्याकडे कुणाला कोर्टात उभं केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. अगदीच ताणायचं तर सरकारी कामात अडथळा, भारतीय न्याय संहितेचं कलम २२१. इंग्लंडमध्ये असे खटले झालेत. उलट अमेरिकेत मिसुरीतल्या एका शहराला २०१४ साली संघीय न्यायालयाने अशा ड्रायव्हरांवर कारवाई करायला मनाई केली. डिपर मारणं हे बोलण्याच्या स्वातंत्र्यात येतं म्हणाले. मी स्वतः मारतो का? पास.

श्वाबेनचा पाटील

इथे जर्मनीतली गंमत ऐका. गाडी चालवताना फोनवर स्पीड कॅमेरा दाखवणारं अॅप चालू ठेवलं तर ७५ युरो दंड आणि लायसनवर एक पॉइंट. पण त्याच गाडीतल्या रेडिओवर गाण्यांच्या मध्ये निवेदक आरामात सांगतो की अमुक रस्त्यावर अमुक गावाजवळ कॅमेरा आहे. ते चालतं! कारण ते सगळ्यांना सांगितलेलं असतं. चालवताना हातात हत्यार घेऊन बसायचं नाही, एवढाच मुद्दा. डिपरलाही इथे दंड आहे, दिव्यांचा गैरवापर म्हणून. पहिल्या वर्षी सवयीने दिला तर समोरच्या आजोबांनी गाडीच थांबवली, मला मदत हवीय असं वाटून.

निशिगंधा

वेगाचं सोडा एक वेळ. गेल्या ३१ डिसेंबरला रात्री साडेअकराला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: 'पुलाखाली नाकाबंदी, फुंकायला लावतायत, दूध डेअरीच्या गल्लीने या.' खाली चौदा अंगठे आणि दोन नमस्कार. त्या डेअरीच्या गल्लीत मुलं फटाके उडवत होती, माझी भाची त्यांत होती. अंगठे देणाऱ्यांपैकी एकालाही आपण काय केलं ते कळलं नसावं. सगळी भली माणसं आहेत, दिवाळीला फराळाचं ताट पाठवतात.

सातारी तर्री

दारूची नाकाबंदी वेगळी. ती मीही सांगणार नाही.

निशिगंधा

पण डिपरला कारण सांगता येतं का? तुम्ही दोनदा दिवा लुकलुकवलात. समोरचा ९० ने चाललाय, प्यायलाय, की चोरीची गाडी घेऊन निघालाय, हे त्याला माहीत, तुम्हाला नाही. भटक्यांच्या बायकोने नेमकं हेच विचारलं आणि तुम्ही सगळे तिला सोडून कलमं मोजताय.

दहाचाकी

बावीस वर्षं ट्रकवर काढली, आता गाड्या दुसऱ्यांच्या हातात आहेत, म्हणून दोन शब्द.

आमच्या गाड्यांना ८० चा स्पीड गव्हर्नर असतो, त्याच्यावर गाडी पळतच नाही. लोड असला की चढावर वीस मिळाले तरी नशीब. आम्हाला स्पीड गनचं काय? मामा आमचे कागद बघतात, वजन बघतात, आणि काहीच सापडलं नाही तर ताडपत्री बघतात. आम्ही एकमेकांना डिपर देतो तो थांबावं लागणार आहे म्हणून, पळू नको म्हणून नाही.

आणि डिपर काय मामापुरता आहे होय? दरड आली, ऑइल सांडलंय, ऊसाची ट्रॉली बिनदिव्याची उभी आहे, वळणावर गुरं बसलीत, सगळ्याला तोच. दोनदा लुकलुक, हात खाली. घाटात पावसाळ्यात त्याच्यावर माणसं जगतात. तुम्ही कारवाल्यांनी तो पावती चुकवायला वापरून वापरून असा करून टाकलाय की आता डिपर दिला की समोरचा आधी झाडाखाली बघतो, रस्त्यावर बघतच नाही. माझ्या एका ड्रायव्हरने अणेघाटात पडलेल्या दगडासाठी डिपर दिला. समोरून येणाऱ्या कारवाल्याने हळू केलं, मामा दिसले नाहीत, परत रेस दिली. बंपर आणि रेडिएटर दोन्ही गेले, माणूस वाचला.

मामांसाठी द्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी दिला नसता.

श्वाबेनचा पाटील

दहाचाकी, हे वेगळा धागा काढून लिहा, राव.

काळा कोट

तसाही हा वाद फार दिवस टिकत नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा आहे. दोन ठिकाणी नंबर टिपून मधल्या अंतराचा सरासरी वेग काढला की डिपर कशाचा मारणार? सगळ्या ९४ किलोमीटरचा?

सातारी तर्री

तोवर माळशेजला वडच आहे ना. बाय द वे भटक्या, तो वड ओतूरपासून नेमका किती किलोमीटरवर? या रविवारी तिकडेच चाललोय.

भटक्या

नाही सांगणार. सत्तरने जा.