ट्रॅव्हल्सच्या छोट्या ऑफिसचं काम कॉम्प्युटरवर नीट कसं बसवायचं?

दारव्हा_ट्रॅव्हल्स
नमस्कार मंडळी. दारव्ह्याला आमचं छोटं ऑफिस आहे, मी आणि लहान भाऊ दोघंच बसतो. पुण्याच्या स्लीपर बसच्या सीटा, रेल्वे तिकिटं आणि उन्हाळ्यात-दिवाळीत यात्रेच्या गाड्या, असं काम चालते. अडचण अशी की बसचं बुकिंग भावाच्या व्हॉट्सॲपवर, यात्रेचा ॲडव्हान्स माझ्या रजिस्टरमध्ये आणि आधारचे फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये, म्हणून भाऊ वावरात गेला की गिऱ्हाईक समोर उभं राहते आणि मला त्याची सीट लागली की नाही तेच सांगता येत नाही. कॉम्प्युटर एकच, विंडोज 10 चा, लाईन कधी जाईल भरवसा नाही. मोठं सॉफ्टवेअर घ्यावं का? लोक विश्वासानं पैसे ठेवून जातात, हिशोबात गडबड नको.

पुसदचा_भाऊ
भाऊ, सॉफ्टवेअर आताच नोका घेऊ. पयले दोघांत मिळून एकच गूगल शीट करा, त्याच्यात तारीख, नाव, मोबाईल, कुठून कुठं, सीट, पीएनआर, एकूण पैसे, जमा, बाकी आन् बुकिंग कोनं घेतलं, एवढं बस हाये. शीटमधी नोंद झाल्याबिगर पावती फाडाची नाही, हे मात्र कडक पाळा, नाहीतं शीट असून नसल्यासारखी. भाऊ वावरात असला तरी तुमाले तुमच्या मोबाईलवर दिसते. ऑफिसचं वेगळं सिम घ्या, त्याच्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका, एका नंबरले फोन सोडून आनखी चार डिव्हाइस जोडता येतात, म्हंजे कॉम्प्युटरवरही तेच मेसेज. ज्याचे पैसे बाकी हायेत त्याच्या चॅटले लेबल लावून ठेवा.

बडनेरा_लाईन
वरचं सगळं बरोबर, पण रेल्वेचं आधी पाहा. तिकिटं आयआरसीटीसीच्या (रेल्वे तिकिटाच्या साईटच्या) स्वतःच्या पर्सनल आयडीवरून काढून विकत असाल तर आजच बंद करा, रेल्वे कायद्याच्या कलम 143 मध्ये 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. रीतसर एजंट आयडी घ्या. एजंटला तत्काळ उघडल्यावर पहिला अर्धा तास तिकीट काढता येत नाही, म्हणजे एसीला 10 ते 10:30 आणि स्लीपरला 11 ते 11:30. हा नियम जुलै 2025 पासून आहे. हे गिऱ्हाईकाला आधीच सांगा, तत्काळचा शब्द देऊ नका, ज्याला घाईच आहे त्याला स्वतःच्या आधार जोडलेल्या अकाउंटवरून काढायला सांगा. आणि नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ बुकिंग 120 ऐवजी 60 दिवसच आधी उघडते, तर दिवाळीला पुण्याहून घरी येणाऱ्या पोरांच्या आईवडिलांना तारीख मोजून आठवण करा, गावातले लोक त्यासाठीच आपल्याकडे येतात.

संगणक_ताई
दादा, मी तालुक्यात कॉम्प्युटर क्लास चालवते म्हणून मशीनबद्दल सांगते. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट बंद. तुमच्या मशीनवर 11 चढते का पाहा, टीपीएम 2.0 (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असला तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, नसेल चढत तर पैशाचे व्यवहार त्यावर नका करू. लाईनसाठी कॉम्प्युटरला यूपीएस तर पाहिजेच, पण राऊटरलाही छोटा मिनी यूपीएस लावा, खूप जण तेच विसरतात आणि मग कॉम्प्युटर चालू, नेट बंद. दुसऱ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटला ठेवा.

सगळ्यात कळकळीनं सांगायचं ते आधारचं. लोकांची कागदं मोबाईलच्या गॅलरीत पडू देऊ नका, जिथं चालते तिथं मास्क्ड आधार मागा, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात, आणि प्रवास झाला की फोटो डिलीट करा. दोघांचे लॉगिन वेगळे, टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक तपासणी) चालू. शीटची कॉपी दर आठवड्याला पेनड्राईव्हवर. आणि यात्रेच्या गाडीत ड्रायव्हरजवळ नाव-नंबरची छापील यादी द्याच, मेळघाटात कितीतरी ठिकाणी रेंज मिळत नाही.

दारव्हा_ट्रॅव्हल्स
खूप आभार सगळ्यांचे, आजच भावाला बसवून शीट करतो. जुनं रजिस्टर पूर्ण भरावं लागेल का? चार वर्षांचं आहे.

पुसदचा_भाऊ
नाही जी. ज्याचे पैसे जमा हायेत पन प्रवास बाकी हाये तेवढेच भरा, जुनं रजिस्टर कपाटात जपून ठेवा.