परक्या शहरात अचानक मदत मागायची वेळ आली तेव्हा (नाशिक आणि आसपास)

जास्वंदी
काल संध्याकाळी द्वारकेला अ‍ॅम्ब्युलन्स अडकली होती. भोंगा चालू, पुढे ट्रक, दोन्ही बाजूंना रिक्षा. एक पोरगा गाडीवरून उतरून एकेकाला मागे सरकवत होता. घरी आले तरी तो आवाज कानातून जाईना, आणि आमचं इथलं पहिलं वर्ष आठवलं.

ह्यांची बदली अंबडला झाली म्हणून पाथर्डी फाट्याला फ्लॅट भाड्याने घेतलेला. खोकी अजून उघडायची होती. सासरे गावाहून आलेले. पहाटे त्यांच्या छातीत कळ आली, घामाने बनियन चिंब. १०८ लावला. पलीकडच्या बाई शांतपणे विचारत होत्या, जिल्हा कोणता, पेशंट शुद्धीवर आहे का, दम लागतोय का, जवळची खूण सांगा. खूण काय सांगू? मला वाण्याचं दुकानही नीट माहीत नव्हतं. टेबलावर घरमालकाच्या नावाचं लाईट बिल पडलेलं, त्यावरचा पत्ता वाचून दाखवला. तेवढ्यात वॉचमनकाका वर आले, "द्या ताई, मी सांगतो," म्हणत फोन घेतला आणि फाट्यापासूनची सगळी वळणं सांगितली. नंतर बॅटरी घेऊन स्वतः कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. त्यांच्यामुळे गाडी एकदाही न चुकता दारात आली. सासरे त्यानंतर बरीच वर्षं आमच्यात होते.

आता सिंहस्थ येतोय, लाखो माणसं नवखी म्हणूनच येणार. तुमच्यावर अशी वेळ आली होती का? कुणाला फोन केलात, कोण धावून आलं, लिहा ना.

गोदाकाठची
वाचतानाच पोटात गोळा आला. वॉचमनकाका अजून आहेत का तिथे?

जास्वंदी
नाहीत गं, गावी गेले. दिवाळीला फोन असतो.

डॉक्टर_सिन्नर
मी काही वर्षं १०८ च्या गाडीवर होते, म्हणून लिहिते. राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे आणि फोन पुण्याला उचलला जातो. त्यामुळे नुसतं "रविवार कारंजा" किंवा "त्रिमूर्ती चौक" म्हणून भागत नाही, आधी नाशिक म्हणा, मग चौक. पैसे लागत नाहीत, गाडीत डॉक्टर असतो.

आणि कळकळीने सांगते, ज्या मोबाईलवरून १०८ लावला तो मोकळा ठेवा. आम्ही निघालो की त्याच नंबरवर फोन करतो आणि तो हमखास बिझी लागतो, कारण घरचे मामा, काका, आत्या सगळ्यांना कळवत असतात. आम्ही गल्लीच्या तोंडाशी उभे आणि आत कुठे वळायचं ते सांगायला कुणी नाही. असं फार वेळा व्हायचं, फार जीव तुटायचा. नातेवाइकांना दुसऱ्या फोनवरून कळवा. एकाला रस्त्यावर उभं करा, जुनी फाइल आणि चालू गोळ्या पिशवीत टाका.

पेठरोड
+१ मोबाईल मोकळा ठेवायचं कुणीच सांगत नाही

बागाईतदार_नवा
मी मूळचा लातूरचा. दिंडोरीकडे द्राक्षबागेत सुपरवायझर म्हणून लागलो. पहिल्याच पावसाळ्यात ड्रिपची नळी उचलायला वाकलो आणि घोट्यापाशी चावा बसला. घोणस. बागेतल्या मावशी म्हणाल्या देवळात न्या, कुणी म्हणे दोरी आवळून बांधा. मुकादमाने कुणाचंच ऐकलं नाही. पाय हलवू दिला नाही, मला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवलं आणि सरळ सरकारी दवाखाना.

तिथे सिस्टरनी काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेतलं आणि ती स्टँडमध्ये उभी ठेवली. २० मिनिटं कुणी हात लावायचा नाही म्हणाल्या. माझी नजर त्या नळीवरून हटत नव्हती. वेळ झाल्यावर त्यांनी ती हळूच आडवी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. विष भिनल्याची ती खूण. लगेच सलाईनमधून लस चालू केली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर तीच लस चालते आणि सरकारी दवाखान्यात फुकट असते. मी ज्या गावात दोन माणसं ओळखत नव्हतो, तिथले लोक रात्रभर बाकड्यावर बसून होते.

मनमाडची_मुलगी
बापरे. मुकादमाला दंडवत __/\__

गोदाकाठची
आमच्याकडे जयभवानी रोडला साप नाही, थेट बिबट्या 😀 पण खरंच, वनखात्याचा नंबर १९२६ सेव्ह करून ठेवा. दिसला की लोक मोबाईल घेऊन मागे धावतात, त्यानेच तो बिथरतो.

पेठरोड
तुमच्या भागात संध्याकाळी पोरं खेळायला सोडता की नाही मग?

गोदाकाठची
सोडतो, पण अंधार पडायच्या आत घरात.

मनमाडची_मुलगी
माझं रेल्वेतलं. पहिलं बाळंतपण, माहेरी निघालेले, सोबत फक्त धाकटी बहीण. इगतपुरी सोडली आणि कळा सुरू झाल्या. समोरच्या बर्थवरच्या काकांनी १३९ ला फोन करून गाडी, डबा, बर्थ सांगितला. नाशिकरोडला गाडी थांबली तर स्ट्रेचर घेऊन माणसं डब्याच्या दारातच उभी. डब्यातल्या बायकांनी साड्यांचा आडोसा धरला होता. कुठल्या कुठल्या बायका, नावंही विचारायची राहिली. मुलगी झाली, आता चौथीत आहे.

डॉक्टर_सिन्नर
किती छान! गरोदर बायकांसाठी आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ पण आहे, सरकारी दवाखान्यात न्यायला आणि घरी सोडायलाही.

हॉस्टेलवाला
नंदुरबारहून शिकायला आलो तेव्हाची गोष्ट. गंगापूर रोडला आमच्या डोळ्यांसमोर एक आजोबा स्कूटरवरून पडले. डोक्याला मार. सगळे बघत उभे, "पोलिसांचं लफडं नको," म्हणत. आम्ही दोघं मित्र त्यांना रिक्षात घालून जवळच्या खासगी हॉस्पिटलात गेलो. तिथल्या काउंटरवर आधी डिपॉझिट भरा म्हणाले. आमच्या खिशात मेसचे पैसे. तेव्हा शेजारी बसलेल्या एका वकीलबाई उठल्या आणि ठणकावून म्हणाल्या, अपघाताचा पेशंट आहे, आधी उपचार करा, सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगून ठेवलंय. मग हालचाल झाली.

त्यांनीच आम्हाला समजावलं की जखमीला आणणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, थांबवून ठेवता येत नाही. २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातच तसं कलम आहे, १३४ अ. हे प्रत्येक चौकात पाटीवर लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं. बघ्यांमध्ये वाईट माणूस कुणीच नव्हता, सगळे घाबरलेले होते.

पेठरोड
शाब्बास रे पोरांनो. आजोबा कसे आहेत?

हॉस्टेलवाला
टाके पडले, बरे झाले. त्यांच्या घरी जेवायला बोलावलं होतं, पुरणपोळी 🙏

घाटवाटा
डोंगरात येणाऱ्यांनी हे वाचाच. हरिहरच्या पायऱ्यांवर मुंबईच्या एका मुलीचा पाय मोडला, आम्ही मागेच होतो. वर रेंज येते-जाते. १०८ पायथ्यापर्यंतच येणार, वरून खाली आणायचं काम माणसांनाच करावं लागतं. निरगुडपाड्याच्या पोरांनी घोंगडी आणि दोन बांबूंची डोली केली, सोप्या वाटेने उतरवलं. पैसे देऊ केले तर घेईनात. चढायच्या आधी पायथ्याच्या गावातल्या एकाचा तरी नंबर घेऊन ठेवा आणि पावसाळ्यात दुपारनंतर वर जाऊ नका, धुक्यात वाट दिसत नाही.

मालेगावकर_ताई
माझं वेगळं आहे. रामकुंडावर पर्वणीच्या गर्दीत आजी हरवली. तिला मोबाईल वापरता येत नाही, घराचा पत्ताही धड सांगता येत नाही. जवळच्या चौकीत गेलो तर म्हणाले, ही हद्द आमची नाही, पलीकडे जा. रडायला आलं. शेवटी ११२ लावला, त्यांनी साडीचा रंग विचारून घेतला, थोड्या वेळात स्पीकरवर आजीचं नाव घुमलं. आजी एका हारवालीपाशी चहा पीत बसली होती. आता जत्रेला जाताना तिच्या पदराला आतून चिठ्ठी पिन करतो, नाव, गाव आणि दोन नंबर.

डॉक्टर_सिन्नर
चिठ्ठीत बीपी, शुगर, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी तेही लिहा ताई.

मालेगावकर_ताई
हो, लिहिते. कुकर झाला, येते परत

पहिल्यांदाच_येतोय
वाचून धीर आला. पुढच्या महिन्यात आईला घेऊन त्र्यंबकला येतोय, गाडी नाशिकरोडला रात्री उशिरा पोहोचते. आईला बीपी आहे. रात्रीच टॅक्सीने पुढे जावं का?

पेठरोड
नको. स्टेशन शहरापासून लांब आहे आणि तिथून त्र्यंबक पस्तीस-चाळीस किलोमीटर पडेल. नाशकातच मुक्काम करा, उजाडल्यावर निघा. सिव्हिल हॉस्पिटल त्र्यंबक रोडलाच आहे, जाताना बघून ठेवा.

पहिल्यांदाच_येतोय
मग तसंच करतो. आईची गोळी सातला असते, आठला निघू.

गोदाकाठची
मिसळ खाऊन निघा.

डॉक्टर_सिन्नर
बीपीच्या पेशंटला सकाळी सकाळी झणझणीत मिसळ??

गोदाकाठची
आईंना पोहे हो, मिसळ लेकाला 😀