सापळ्यांतील माशांची विविधता: खडप आणि फॅड यांची तुलना कशी करावी?

प्रवाळ_कोथरूड: मी पुण्यात प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. मन्नारच्या आखातात प्रवाळांच्या खडपांभोवती आणि मासे जमवण्यासाठी सोडलेल्या तरंगत्या साधनांखाली, म्हणजे फॅडखाली, लावलेल्या सापळ्यांच्या नोंदी मला प्रकल्पासाठी मिळाल्या आहेत. खडपाजवळ जाती बऱ्याच जास्त भरतात. पण तिथले सापळेही कितीतरी अधिक आहेत. तेव्हा खडपावरची विविधता जास्त, असे लिहिता येईल का?

आकडेमोड: एवढ्यावरून नाही. सापळे वाढले की जातीही वाढणारच, म्हणून रेअरफॅक्शनने दोन्हीकडचे नमुने आधी सारख्या आकाराचे करून मगच जाती मोजाव्यात. सापळा पाण्यात किती तास होता तेही पाहावे, कारण तो फार काळ राहिला तर आत शिरलेला एखादा मोठा हेकरू किंवा वाम धाकट्या माशांवर ताव मारतो, आणि ते मासे वहीत येतच नाहीत. शिवाय नुसती जातींची संख्या फसवी असते: शंभर माशांत पाच जातींचे प्रत्येकी २० मासे असतील तर शॅननचा निर्देशांक, म्हणजे जातींच्या संख्येबरोबर मासे त्यांत किती सारखे वाटले आहेत तेही धरणारा विविधतेचा आकडा, १.६१ येतो, पण त्याच पाच जातींपैकी एकीचे ८० आणि बाकीच्यांचे ५-५ मासे असतील तर तो ०.७८ वर उतरतो.

गणेशपेठकर: आमिष काय होते, हेही विचारा. शैवाल ठेवले तर पोपटमासे येतात, मांस ठेवले तर हेकरू आणि तांबोशी. मी मासे ओळखायला गणेश पेठेतल्या मासळी बाजारात शिकलो, आणि विकले न जाणारे मासे समुद्रातच टाकले जातात हे मला फार उशिरा कळले. तुमच्या नोंदी होडीवर केलेल्या आहेत की किनाऱ्यावर?

प्रवाळ_कोथरूड: होडीवर. आमिषाचा उल्लेख मात्र कुठेच नाही. फॅडखालचे सापळेही तळावरच ठेवलेले होते.

आकडेमोड: मग कुपा (ट्यूना) त्यांत नसणे स्वाभाविक आहे, कारण तो फॅडभोवती वरच्या पाण्यात फिरतो आणि तळावरच्या सापळ्यात शिरत नाही. प्रकल्पाच्या शीर्षकात ‘फॅडवरील माशांची विविधता’ असे न लिहिता ‘तळ-सापळ्यांत आलेल्या माशांची विविधता’ असे लिहा, आणि सापळ्याच्या जाळीचा आस, म्हणजे तिच्या भोकांचा आकार, कळला तर तोही नोंदवा. आस मोठा असेल तर खडपाच्या कपारींतले बोटभर मासे निसटून जातात.